हरकत नोंदवणारा मिशनरी

मॉर्मन या अमेरिकन ख्रिस्ती पंथाचा मिशनरी म्हणून मी ओमानला गेलो तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा होतो. ओमानमध्ये धर्मप्रचाराला कायद्याने मनाई आहे. रस्त्यात कुणाला थांबवून देवाबद्दल बोलायचं नाही, पत्रकं वाटायची नाहीत, छातीवर नावाची पट्टी लावायची नाही. कुणी आपणहून विचारलं तर हसायचं आणि विषय बदलायचा. या सूचना आम्हाला निघण्यापूर्वी इतक्या वेळा दिल्या गेल्या की शेवटी बायको म्हणाली, "तुम्हाला अगदी योग्य जागा मिळाली. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर न देण्याचा तुम्हाला चौतीस वर्षांचा अनुभव आहे."

ती चौतीस वर्षं मी महसूल खात्यात काढली. कारकून म्हणून लागलो आणि मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. गावात कुणी वारलं, जमीन कुणाच्या नावावर करायची असली, की तलाठी तशी नोंद लिहितो. ती नोंद खरी आहे का हे तपासून मंडळ अधिकारी सही करतो, आणि मग ती पक्की होते. तपासून हा शब्द कायद्यात आहे. सही माझ्या हातात होती. त्यामुळे लोक मला भाऊसाहेब म्हणत आणि उठून उभे राहत.

निवृत्तीनंतर आम्ही पुण्याला मुलाच्या फ्लॅटजवळ राहायला गेलो आणि उठून उभं राहणं एका दिवसात बंद झालं. सोसायटीचा वॉचमनसुद्धा मला बघून मोबाइलमधून डोकं वर काढत नसे. बायको त्या काळात शेजारणीबरोबर दर रविवारी तिच्या प्रार्थनेला जायची. मी एकदा गेलो, कारण तिथल्या हॉलमध्ये एसी होता. तिसऱ्या रविवारी कुणीतरी मला खुर्च्या लावायला मदत मागितली, आणि पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर माझं नाव घेऊन आभार मानले. दोन वर्षांत कुणी माझं नाव मोठ्याने उच्चारलं नव्हतं. चार महिन्यांत मी पांढरे कपडे घालून पाण्याच्या टाकीत बुडी मारली आणि मॉर्मन झालो. बायकोला देव मिळाला. मला आधी पद मिळालं. देव नंतर भेटला असं मी सांगतो, पण तारीख विचारू नये.

नातेवाइकांनी धर्म बदलल्याचं फारसं मनावर घेतलं नाही. आमच्यात चहा-कॉफी वर्ज्य असते, हे मात्र त्यांना सहन झालं नाही. धाकटा भाऊ म्हणाला, मग तुझ्याकडे यायचं कशाला? आणि तो खरोखरच यायचा थांबला.

आम्हा दोघांना चर्चने तिथल्या आपल्याच माणसांना धीर द्यायला दीड वर्षासाठी पाठवलं होतं. माबेल्याला, म्हणजे मस्कतच्या पार बाहेरच्या टोकाला, भाड्याने फ्लॅट घेतला. प्रार्थना शुक्रवारी, आणि तिथे पोचायला गाडीने तासभर. जमणारी मंडळी मोजकी: काही फिलिपिनो नर्स, एक आफ्रिकन शिक्षक जोडपं, दोन-तीन अमेरिकन कुटुंबं. त्यांचा प्रमुख माझ्या मुलापेक्षा लहान असलेला एक अमेरिकन इंजिनिअर होता. तो मला फार आदराने एल्डर म्हणायचा. आमच्याकडे मिशनरीला तसंच म्हणतात. मला मात्र पहिले काही आठवडे तो माझ्या वयावर बोलतोय असंच वाटे.

आपण तिथे काय करायचं, हे मला कळेना. मी पुण्याहून मराठीत एक भाषण बसवून नेलं होतं, ते समजणारं तिथे कुणी नव्हतं. माझं इंग्रजी सरकारी पत्रांवर पोसलेलं. पहिल्याच प्रार्थनेत मी देवाला 'आपल्या माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी सविनय सादर' अशा अर्थाचं काहीतरी म्हणून बसलो. नर्स मुली डोळे मिटून होत्या, पण एकीचे खांदे हलत होते. पुन्हा मला खुर्च्या लावायचं काम मिळालं.

बायको आठ दिवसांत कामाला लागली. एका नर्सला बाळ झालं होतं, तिच्याकडे ही रोज डबा घेऊन जायची, बाळाला न्हाऊ घालायची. मी घरी बसून दर आठवड्याचा अहवाल लिहायचो. 'प्रगती समाधानकारक' हे वाक्य मी आयुष्यभर लिहिलं होतं, तेच लिहीत राहिलो.

तिसऱ्या महिन्यात आमचा एसी बंद पडला. दुरुस्तीला जो मेकॅनिक आला तो चाळिशीचा होता. बायको आत मला काहीतरी बोलली ते ऐकून तो शिडीवरूनच म्हणाला, "काकी, तुम्ही आपल्याकडच्या काय?" तो रायगड-रत्नागिरीच्या हद्दीवरच्या खाडीकाठच्या गावातला मुसलमान, आणि त्याच तालुक्यात मी अकरा वर्षं नोकरी केलेली. मी तिथे काय होतो ते मात्र लगेच सांगितलं नाही. त्या तालुक्यात दोन प्रकारची माणसं आहेत. एक मला नमस्कार करणारी आणि दुसरी मला शोधणारी. हा कुठल्या प्रकारातला ते आधी बघायचं होतं.

काम झाल्यावर बायकोने लिंबू सरबत पुढे केलं. त्याला चहा हवा होता. आमच्यात घेत नाहीत, असं ती म्हणाली. त्याने मान डोलावली. आम्ही कुठल्यातरी महाराजांचे शिष्य आहोत असा त्याने अर्थ लावला, आणि आम्हाला विषय बदलण्याची आज्ञा असल्यामुळे तो अर्थ तसाच राहिला.

सरबत पिताना त्याच्या मोबाइलवर बहिणीने एक फोटो पाठवला. तलाठ्याची नोटीस होती. त्याने ती माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, हे सरकारी मराठी आपल्या डोक्यावरून जातं, जरा वाचून सांगा. मी वाचलं. त्याची आई वारली होती, आणि दोन थोरल्या भावांनी वारस म्हणून फक्त स्वतःची नावं लावायला अर्ज केला होता. याचं आणि बहिणीचं नाव कुठेच नव्हतं. हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत, त्यातले सहा उरलेले.

"जाऊ दे काका," तो म्हणाला. "दीड वर्षाने सुट्टी आहे. गेलो की बघतो, इन्शाल्ला."

दीड वर्षाने काय होईल ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? हरकत आली नाही म्हणून नोंद पक्की होणार. हा सुट्टीवर जाणार तेव्हा त्याला अपील करा म्हणून सांगणार. मग फाइल सापडणार नाही, साहेब मीटिंगला गेलेले असतील, साहेब आले की कारकून नसेल. त्याची सुट्टी संपेल आणि तो विमानात बसेल. अशा कितीतरी सुट्टीवाल्यांना मी स्वतः काहीही न करता हरवलं होतं. त्यांच्या सुट्टीत मी फक्त रजा टाकायचो.

मी त्याला बस म्हणालो. मिशनच्या वहीतला कागद फाडून हरकतीचा अर्ज लिहिला, त्याची सही घेतली, आणि त्याच दिवशी कुरिअरने बहिणीकडे पाठवायला लावला. तिला फोनवर बजावलं, अर्ज देऊन नुसतं परत यायचं नाही. आपल्या प्रतीवर पोच घ्यायची. शिक्का, सही, तारीख, आवक क्रमांक.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी तिचा रडवेला फोन आला. कारकून म्हणत होता, सर्व्हर बंद आहे, उद्या या. मी तिला फोन त्याच्याकडे द्यायला सांगितला. त्याने माझा आवाज लगेच ओळखला. तो माझ्याच हाताखाली तयार झालेला होता.

"भाऊसाहेब, तुम्ही परदेशात आहात ना?"

"हो. त्या बाईंचा अर्ज आवक करून घे."

"घेतो की. पण तुम्हीच शिकवलंत, वारसाच्या भांडणात शेवटच्या दिवशी हरकत आली तर आवक दुसऱ्या दिवसाची टाकायची."

"शिकवलं होतं. आता आजची टाक."

 मग आवाज खाली आणून त्याने विचारलं, "यात तुमचं काही आहे का, भाऊसाहेब?"

नाही म्हणालो. त्याचा विश्वास बसला नाही हे त्याच्या श्वासावरून कळलं. चौतीस वर्षांत हा प्रश्न मला कितीदा विचारला गेला असेल, आणि मला तो कधी लागला नव्हता. त्या दिवशी लागला. फोन ठेवून मी बराच वेळ चिडून बसलो होतो. बायकोने कारण विचारलं, मी सांगितलं. ती हसली, आणि मग नर्सच्या बाळाकडे निघून गेली.

अर्ज आवक झाला. नोंद तक्रारीत, म्हणजे सुनावणीला, गेली आणि भावांचं काम अडलं. मेकॅनिकने ही बातमी माबेल्याच्या सगळ्या दुकानांत पोचवली. त्यानंतर दर शुक्रवारी दुपारी आम्ही प्रार्थनेहून परत येईपर्यंत जिन्यात माणसं उभी असत. ड्रायव्हर, स्वयंपाकी, शिंपी, गवंडी. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून करून झिजलेले कागद. मी टाय न सोडताच जेवणाच्या टेबलाशी बसायचो. त्यांनी माझं नाव टायवाले भाऊसाहेब ठेवलं. महसूल खात्यात होतो एवढं त्यांना कळलं होतं; कुठे आणि कोण, ते मी सांगितलं नाही. कामं कधी होतील असं विचारायचं नाही, आवक क्रमांक काय ते विचारायचं, हे मी त्यांना शिकवलं. अस्सल कागद कधी देऊ नका, तोंडी उत्तर ऐकून घरी जाऊ नका, 'नाही' म्हणत असतील तर ते लिहून मागा. लोकांना या गोष्टी कळू नयेत म्हणून मी उमेदीची वर्षं घालवली होती, आणि आता त्या अर्ध्या तासात शिकवून व्हायच्या.

मला ते फार आवडलं. परोपकार म्हणून आवडलं असं लिहायला हरकत नाही, पण खरं म्हणजे मला गर्दी आवडली. बायको म्हणायची, "तुमचं ऑफिस परत उघडलं. या वेळी कामं होतायत एवढाच फरक." एकाने माझ्या पायांना हात लावून विचारलं, आपले महाराज कुठले? मी आज्ञेप्रमाणे हसलो आणि विषय बदलला. त्यामुळे महाराज फारच मोठे असावेत असा लोकांचा समज झाला.

हे सगळं आमच्या अमेरिकन प्रमुखाच्या कानावर गेलं. त्याने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, तुम्ही त्यांच्याशी धर्माबद्दल बोलत नाही ना? मी सांगितलं, फक्त जमिनीबद्दल बोलतो. त्याचा जीव भांड्यात पडला. मग त्याने सौजन्य म्हणून सातबारा म्हणजे काय ते विचारलं. मी सांगायला लागलो. पाऊण तासाने त्याची बायको त्याला न्यायला आली. पुन्हा त्याने या विषयात लक्ष घातलं नाही.

थोड्याच दिवसांत दुक्महून निरोप आला. दुक्म म्हणजे वाळवंटाच्या कडेला, समुद्रालगत उभं केलेलं बंदर आणि रिफायनरी. प्रोजेक्टवरची पुरुष माणसं, बाकी काही नाही. आमच्या तालुक्याची बरीच मंडळी तिथल्या एका कॅम्पात होती, त्यांना शुक्रवारचं माबेल्याला येणं शक्य नव्हतं. मेकॅनिक म्हणाला, आपणच जाऊ. एका शनिवारी तो मला गाडीने घेऊन गेला. सहा तास सपाट दगडी जमीन बघत आम्ही दुपारच्या जेवणाला पोचलो. मेसमध्ये त्यांनी माझ्यासाठी एक टेबल रिकामं करून ठेवलं होतं.

तिसरा आला तो पन्नाशीचा पाइपफिटर. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. त्याच्याकडे एकच झेरॉक्स होती, वडील वारल्यानंतरच्या वारसनोंदीची. त्यात थोरल्या भावाचं नाव लावलेलं, आणि पुढे तलाठ्याने लिहिलेलं: धाकटा मुलगा बारा वर्षांपासून परागंदा, ठावठिकाणा नाही. त्याखाली मंडळ अधिकाऱ्याचा शेरा: नोटीस बजावल्याची खात्री केली, हरकत नाही, नोंद प्रमाणित.

तो सांगत होता. ही नोंद झाली तेव्हा तो इथेच ओमानमध्ये, इब्र्याला, एका पुलाच्या कामावर होता आणि दर शुक्रवारी घरी फोन करायचा. भावाच्या मुलाचं शिक्षण त्याने केलं, घरावर स्लॅब त्याने टाकला. स्लॅब झाल्यावर पुढच्या सुट्टीत भावाने त्याला सातबारा दाखवला. हा ऑफिसात गेला, तर साहेब रजेवर होते.

मला त्याचं अर्धंच ऐकू येत होतं, कारण शेऱ्याखालची सही माझी होती. बढती मिळाली तेव्हा मी सहीला एक लांब शेपूट जोडलं होतं आणि ते जमावं म्हणून दोन रविवार घालवले होते. मी चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं. दुसऱ्या कुणाची निघाली तर बरं, असं त्या वयातही वाटतं. सही वाचता येण्यासारखी नव्हती. गप्प बसलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं, आणि गप्प बसण्यात मी तरबेज होतो. तो माणूस समोर बसला होता आणि मी काय सांगतो याची वाट बघत होता. का ते मला अजून नीट सांगता येत नाही, पण मी बोललो.

"ही सही माझी आहे."

त्याने आधी कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुमची म्हणजे?"

"तेव्हा तिथला मंडळ अधिकारी मी होतो. तुमच्या गावात मी गेलो नाही. ऑफिसात बसून एका दुपारी गठ्ठ्यावर सह्या केल्या, त्यात ही गेली."

 कुणीतरी मेसचा टीव्ही बंद केला. मेकॅनिक माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला; बहुतेक मला मार पडेल अशी त्याला भीती होती. मलाही होती. पाइपफिटरने कागदाची घडी घातली.

"साहेब, मी हरवलोय असं मान्य करताना तुम्ही कुणाला विचारलंत?"

"नाही."

"माझी आई होती की तेव्हा. दिवसभर दारातच बसायची. तिला विचारलं असतंत तर तिने माझा फोन नंबर दिला असता."

तो उठून बाहेर गेला. मी बाकीच्यांचे कागद बघितले. मला काय लिहिलं आठवत नाही, पण मेकॅनिक म्हणतो की सगळं नीट लिहिलं होतं. आम्ही निघायला लागलो तेव्हा पाइपफिटर गाडीपाशी आला आणि खिडकीतून ती झेरॉक्स माझ्या मांडीवर टाकली. "हे कसं केलं ते तुम्हाला ठाऊक आहे," तो म्हणाला. "आता उलटं करा." परतीच्या वाटेवर मेकॅनिकने बहिणीला फोन करून पोच जपून ठेवायला सांगितलं. त्याच्या भावांच्या नोंदीवरही अशीच सही झाली असती, हे त्याच्या लक्षात आलं असावं.

उलटं करायला प्रांताकडे, म्हणजे वरच्या महसूल अधिकाऱ्याकडे, अपील लागणार होतं. मुदत कधीच उलटून गेलेली, म्हणून विलंब माफ करून घ्यायला सबळ कारण लागणार होतं. सर्वांत सबळ कारण मीच होतो. खात्री न करता मी प्रमाणित केलं, असं माझं प्रतिज्ञापत्र जोडलं तर अपील टिकणार होतं. पुण्याच्या माझ्या वकील मित्राने फोनवर मला वेड्यात काढलं. सुखाने पेन्शन खातोयस, चौकशी लागेल, तुझ्या सगळ्या सह्या उकरतील, तो म्हणाला. मी हे बायकोला सांगितलं, तिने मला थांबवावं या आशेने.

ती भाजी निवडत होती. "टाकीत बुडी मारलीत तेव्हा सगळी पापं धुतली गेली म्हणून किती खूश होतात," ती म्हणाली. "आता कोरड्यात बसून एक धुवा."

मी प्रतिज्ञापत्र लिहिलं. साक्षांकन करायला मस्कतच्या भारतीय दूतावासात गेलो तर ते दहा मिनिटांत झालं. कारकुनाने उद्या या म्हटलं नाही, झेरॉक्स कमी आहे म्हटलं नाही. आमच्या व्यवसायाचा काय हा अपमान, असं क्षणभर वाटलंच.

अपील पाइपफिटरच्या बायकोने चालवलं. दर तारखेला ती गावाहून प्रांत कार्यालयात जायची आणि मी तिला आदल्या दिवशी फोनवर काय मागायचं ते सांगायचो. थोरल्या भावाने वकील लावला. त्याने म्हटलं, मंडळ अधिकाऱ्याचं म्हातारपणी डोकं फिरलं आहे, त्याने धर्मही बदलला आहे. दुसरं खरंच होतं. काही महिन्यांनी निकाल लागला. विलंब माफ, नोंद रद्द, नव्याने चौकशी करून वारस लावावेत. जमीन लगेच त्याच्या नावावर झाली नाही, पण परागंदा हा शब्द कागदावरून गेला. त्याने मला दुक्महून फोन करून कळवलं. आभार मानले नाहीत, मीही ती अपेक्षा केली नाही. भाऊ आता बोलत नाही, गणपतीला घरी जावं की नाही कळत नाही, एवढं त्याने सांगितलं आणि ड्यूटी आहे म्हणून फोन ठेवला.

खात्याची नोटीस मला पुढच्याच महिन्यात पुण्याच्या पत्त्यावर आली. सदर प्रकरणी आपला खुलासा सादर करावा. मुलाने ती स्कॅन करून पाठवली आणि खाली विचारलं, बाबा, तुम्ही तिकडे नक्की काय करताय? मी खुलासा दिला. तो प्रलंबित आहे. प्रलंबित ठेवणारे कोण आहेत आणि ते कशाची वाट बघतायत हे मला चांगलं कळतं, त्यामुळे मला मधूनमधून झोप लागत नाही.

दीड वर्ष संपत आलं. शेवटच्या अहवालात, आपल्या सेवेमुळे किती जण श्रद्धेकडे वळले, असा रकाना होता. तिथे मी शून्य लिहिलं. मग आणखी सहा महिने राहण्याची परवानगी मागणारा फॉर्म भरला. त्यात कारण विचारलं होतं. बराच वेळ मला देवाबद्दल काही सुचतंय का ते बघितलं, आणि शेवटी लिहिलं की हातात काही प्रकरणं आहेत, ती दुसऱ्याला समजावून देता येण्यासारखी नाहीत. फॉर्मवर दोघांच्या सह्या लागत होत्या. बायकोने तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, एका ठिकाणचं स्पेलिंग सुधारलं आणि सही केली.

पुढच्या शनिवारी ती माझ्याबरोबर दुक्मला आली. कॅम्पातल्या लोकांसाठी तिने डबाभर चकल्या नेल्या होत्या. मेसमध्ये ती माझ्या शेजारी बसली, आणि मी प्रत्येक कागद पूर्ण वाचतोय की नाही ते बघत राहिली.